कुत्रं मागे लागलं की सायकल थांबवा, पळवू नका

चाकगती
मोकाट कुत्रं मागे लागलं की बहुतेक सायकलवाले मान खाली घालून जीव खाऊन पॅडल मारतात. सपाट रस्त्यावर आणि चढावर हा सगळ्यात वाईट उपाय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. वेग कमी करा, उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये आडवी धरा आणि चालू लागा.

धडधाकट कुत्रं थोड्या अंतरापुरतं ताशी 30 ते 40 किलोमीटरने धावतं. रोजच्या सायकलवर आपण जेमतेम 15 ते 20 ने जातो. ही शर्यत आपण हरणारच. शिवाय पळणाऱ्याच्या मागे पळणं हे कुत्र्याच्या रक्तातच आहे. नजर रोखणं, दबा धरणं, पाठलाग, पकड, चावा ही त्याची शिकारीची मूळ साखळी. माणसाने पैदास करताना यातल्या काही कड्या ठळक केल्या, काही पुसट. मेंढ्या वळणाऱ्या बॉर्डर कॉलीत रोखलेली नजर आणि पाठलाग ठासून भरलेला असतो, चावा मात्र दबलेला. उलट ऑस्ट्रेलियन कॅटल डॉग तयारच केला तो गुरांच्या टाचांना चावे घेत त्यांना हाकण्यासाठी. अशा कुत्र्यापुढे आपला वरखाली होणारा पाय म्हणजे उघड आमंत्रण. पाय थांबला की पाठलागाचं निम्मं कारण तिथेच संपतं.

पण माझा खरा मुद्दा यापुढचा आहे. कुत्रं अनुभवाने शिकतं. ते भुंकत धावलं आणि सायकलवाला दिसेनासा झाला, म्हणजे त्याच्या हिशेबी त्याने परक्याला आपल्या हद्दीतून हाकलून लावलं. असं रोज होत राहिलं की त्याची भीड चेपते. पळून जाणारा प्रत्येकजण आपल्या मागून येणाऱ्यासाठी ते कुत्रं आणखी पक्कं करून जातो. त्या मागून येणाऱ्यांत शाळेत जाणारी पोरंही असतात.

उतरल्यावर त्याच्या डोळ्यांत रोखून बघू नका, पाठही फिरवू नका. खणखणीत आवाजात 'घरी जा' म्हणा. पाळीव कुत्र्याला हा हुकूम ओळखीचा असतो, ते गोंधळून थांबतं. त्याची हद्द संपेपर्यंत चालत राहा, मग सायकलवर बसा.

उतारावरचा
असहमत. तुम्ही फक्त चाव्याचा विचार करताय. माझ्या मते चाव्यापेक्षा पडण्याचा धोका मोठा आहे. कुत्रं बाजूने पळतं तोवर ठीक, पण ते पुढच्या चाकाखाली आलं की माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. ताशी 35 च्या वेगात कचकन ब्रेक दाबला तर मागून येणारी गाडी अंगावर येईल ती वेगळीच. मी सरळ रेषा सोडत नाही, दोन्ही हात हँडलवर ठेवतो आणि वेग टिकवतो. बहुतेक कुत्री आपल्या हद्दीच्या टोकाला पोचली की आपणहून मागे फिरतात. लाथ मारायला पाय काढणं हा तर शुद्ध आत्मघात, तोल तिथेच जातो.

चाकगती
उतारावर थांबा असं मी म्हटलेलंच नाही, पहिल्याच परिच्छेदात सपाट रस्ता आणि चढ असं लिहिलंय. लाथेबद्दल पूर्ण सहमत. पण वेग टिकवायचाच असेल तर निदान पॅडल मारणं थांबवून सायकल नुसती घरंगळू द्या. हलणारे पाय हेच पहिलं लक्ष्य असतं.

रातराणी
मी रात्रपाळी संपवून सायकलवर घरी येते. वाटेत एक कुत्रं नसतं, घोळका असतो. अंधारात, सुनसान रस्त्यावर, पाचसहा कुत्र्यांच्या मधोमध सायकलवरून उतरून शांतपणे चालू लागा, हा सल्ला द्यायला सोपा आहे. एकट्या बाईने अशा रस्त्यावर थांबणंच सुरक्षित नाही, कुत्री असोत वा नसोत. तुमचा उपाय दिवसाउजेडी, एका कुत्र्यासमोर, उंचपुऱ्या माणसासाठी लिहिलेला आहे. मी पळते आणि पुढेही पळणार.

आणि पुढच्या सायकलस्वारासाठी कुत्रं पक्कं करण्याचा दोष माझ्या माथी का? ती कुत्री तिथे मोकाट आहेत, रस्त्याच्या कडेला त्यांच्यासाठी खाणं टाकलं जातंय, हे कुणीतरी चालवून घेतलेलं आहे. जाब विचारायचा तर त्यांना विचारा.

लोखंडी घोडा
रातराणी यांच्याशी शंभर टक्के सहमत. सायकलवाल्याने कुत्र्याचं मानसशास्त्र शिकत बसायचं, ही अपेक्षाच चुकीची आहे. हा त्रास सायकलइतकाच जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये 'व्हेलो-डॉग' नावाचं खिशात मावणारं रिव्हॉल्व्हर खास सायकलस्वारांसाठी विकायला आलं, ते कुत्र्यांपासून बचावासाठीच. त्याच्या काडतुसांत गोळीऐवजी मिरचीपूड भरलेलेही प्रकार होते. आज कुणी बंदूक घेऊन फिरावं असं मी म्हणत नाही, पण मिरचीचा स्प्रे जवळ ठेवणं हा माझा हक्क आहे. अमेरिकेतले पोस्टमन असा स्प्रे बरोबर ठेवतात. त्यांना चालतो, मग आपल्याला का नको?

खंड्याची ताई
कारण पोस्टमन पायी असतो, जमिनीवर दोन्ही पाय रोवून उभा. तुम्ही धावत्या सायकलवर एक हात सोडून, समोरून वारा येत असताना फवारा मारणार. तो कुत्र्याच्या डोळ्यांत जाण्याआधी तुमच्याच तोंडावर येईल. आणि नेम लागलाच तर आंधळं झालेलं कुत्रं सैरावैरा कुठे पळेल? गाड्यांच्या खाली, नाहीतर मागून येणाऱ्या दुसऱ्या सायकलच्या चाकात. वापरायचाच असेल तर निदान थांबून, उतरून वापरा. म्हणजे पुन्हा धागाकर्त्याच्याच मुद्द्यावर येतो आपण. माझ्या मते स्प्रेपेक्षा पाण्याच्या बाटलीची पिचकारी बरी. कुत्रं दचकतं, त्याचं लक्ष मोडतं, आणि इजा कुणालाच होत नाही.

मी भटक्या कुत्र्यांना खायला घालते हे आधीच सांगून टाकते. रातराणी, तुमचा राग मला समजतो. जिथे खाणं मिळतं ती जागा कुत्री राखतातच. म्हणून भांडी रस्त्यापासून लांब, आडबाजूला ठेवायला हवीत, आणि वेळ अशी हवी की तेव्हा वर्दळ नसेल. खाऊ घालणाऱ्या प्रत्येकाने हे पाळलंच पाहिजे, आणि पुष्कळजण पाळत नाहीत, हेही खरं आहे. पण खाणं बंद केलं की कुत्री नाहीशी होतील असं कुणाला वाटत असेल तर तसं होत नाही. ती उकिरड्यावर जातात, आणि भुकेलं कुत्रं जास्त भांडखोर असतं.

मोजूनमापून
कुत्र्यांना पळवणाऱ्या त्या न ऐकू येणाऱ्या आवाजाच्या यंत्राबद्दल कुणी बोललं नाही. माणसाला साधारण 20 हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला 45 हजारांच्या आसपास. त्यामुळे कल्पना पटण्यासारखी आहे. पण असा आवाज फार लांब जात नाही, म्हाताऱ्या कुत्र्यांना ऐकू कमी येतं, आणि एकदा का कुत्रं पाठलागाच्या भरात आलं की त्याला कानाशी देणंघेणं उरत नाही. याच्या भरवशावर कुणी राहू नये. सायकलच्या घंटीबद्दलही तेच.

पट्टा हातात
सगळी चर्चा भटक्या कुत्र्यांवर चालली आहे. पाळीव मोकाट कुत्र्यांचं काय? फाटक उघडं टाकून, 'आमचा काही करत नाही हो' असं दारातून ओरडणारे मालक सगळीकडे असतात. मी स्वतः कुत्रा पाळते आणि माझं मत या बाबतीत फार कडक आहे: ज्याला हाक मारल्यावर कुत्रा परत बोलावता येत नाही, त्याने तो पट्ट्याशिवाय बाहेर सोडूच नये. तो चावला नाही म्हणून मालक सुटत नाही. सायकलवाला घाबरून पडला, त्याचा हात मोडला, तर ते मालकाचंच देणं आहे.

आणि ही सवय मोडता येते. सुरुवात लांबून करायची, इतक्या लांबून की सायकल दिसते पण कुत्रा अजून ताणात येत नाही. सायकल दिसल्यावर तो वळून आपल्याकडे बघतो, त्याच क्षणी त्याला आवडीचं काहीतरी द्यायचं. अंतर हळूहळू कमी करत न्यायचं. लांब दोरी बांधलेली ठेवायची, म्हणजे तो सुटून पाठलाग करूच शकत नाही. पाठलागाची मजा त्याला एकदाही मिळता कामा नये, कारण ती मजा कुठल्याही बक्षिसापेक्षा मोठी असते. मारून हे साधत नाही. सायकल दिसली की मार बसतो, एवढंच तो शिकतो, आणि सायकलीचा आणखी राग करतो. याला महिने लागतात. तेवढा वेळ नसेल तर कुत्रा पाळू नये.

उतारावरचा
मला एकच कळतं. रस्ता माणसांचा आहे. पाळीव असोत वा भटकी, रस्त्यावरची सगळी कुत्री उचलून न्या. हे थांबा, उतरा, बघू नका, बाटली मारा, सगळं बंद होईल.

जखम धुवा
मी परिचारिका आहे. वाद चालू द्या, पण मधे एक गोष्ट लिहिते, कारण ती कुणीच लिहिली नाही.

दात लागला, नखाने ओरखडा उठला, रक्त आलं किंवा नाही आलं, तरी ती जागा वाहत्या पाण्याखाली साबण लावून 15 मिनिटं धुवायची. घड्याळ लावून 15 मिनिटं, नुसतं ओलं करणं नाही. मग त्याच दिवशी दवाखाना. रेबीजची लस लगेच सुरू करायची आणि सगळे डोस पूर्ण करायचे. कातडी फुटून रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत अँटिबॉडीचं इंजेक्शनही लागतं. कुत्रा ओळखीचा आहे, दिसायला निरोगी आहे, म्हणून थांबायचं नाही. त्याच्यावर 10 दिवस नजर ठेवता येते, पण ती उपचार सुरू करून मग. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार रेबीजने जगात दरवर्षी सुमारे 59,000 माणसं मरतात, माणसाला होणाऱ्या रेबीजमध्ये 99 टक्क्यांपर्यंत लागण कुत्र्यापासून होते, आणि बळींमध्ये लहान मुलं फार आहेत. लक्षणं दिसू लागली की जवळपास कुणीच वाचत नाही. शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांची लस कुत्रा चावलेल्या मुलाला टोचली गेली ती 1885 मध्ये. इतक्या वर्षांनंतरही माणसं मरतात ती वेळेवर न पोचल्यामुळे, हे मला सहन होत नाही. ज्यांना रोज कुत्र्यांच्या भागातून सायकल न्यावी लागते, त्यांनी आधीच लस घेऊन ठेवण्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं. त्यानंतरही चावा झालाच तर धुणं आणि पुढचे डोस चुकत नाहीत, पण ते कमी लागतात.

लहान मुलांना घरी सांगा, कुत्र्याने नुसतं ओरबाडलं तरी लपवायचं नाही. ओरडा बसेल म्हणून मुलं गप्प बसतात.

खंड्याची ताई
जखम धुवा, मनापासून आभार. उतारावरचा, तुमच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. सरसकट मारून रेबीज आटोक्यात येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेचंच म्हणणं आहे. एका भागातली कुत्री नाहीशी केली तरी अन्न आणि आडोसा तिथेच राहतो, मग बाजूची नवी कुत्री येतात. ती बिनलसीची, बिननसबंदीची, माणसांना अनोळखी. एखाद्या भागातल्या किमान 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते. लस टोचलेली कुत्री उचलून नेणं म्हणजे ते कवच आपल्याच हाताने फोडणं. नसबंदी करा, लस द्या, तिथेच राहू द्या.

रातराणी
ताई, तुमचं रेबीजबद्दलचं सगळं मान्य. पण नसबंदी झालेलं, लस टोचलेलं कुत्रंही मला तितक्याच सहज खाली पाडतं. नसबंदीने पिल्लं होत नाहीत, माजाच्या दिवसांतल्या मारामाऱ्या आणि भटकणं कमी होतं, पिल्लं राखणाऱ्या मादीचा त्रास वाचतो. पण हद्दीसाठी किंवा भीतीपोटी अंगावर येणारं कुत्रं त्यामुळे अंगावर यायचं थांबत नाही. म्हणजे रोगाचा प्रश्न सुटला, माझा नाही सुटला. दरवेळी पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच्या नावाने दिलं जातं, आणि सायकलवाल्याला सांगतात की कार्यक्रम चालू आहे. जे ठरावीक कुत्रं वारंवार माणसांवर जातं, ते तिथून हलवलंच पाहिजे. सगळी नको, पण ते एक हवं.

खंड्याची ताई
त्या एकाबद्दल माझाही विरोध नाही. मात्र आधी ते कोणतं हे बघावं लागतं. घोळक्यात बहुतेकवेळा एखादंच पुढे होतं, बाकीची त्याला बघून धावतात. ते ओळखायचं काम आम्ही खाऊ घालणारेच करू शकतो, कारण आम्ही रोज त्यांच्यात असतो. त्याला दुखणं असेल, बाजूला पिल्लं असतील, कुणी दगड मारलेले असतील, तर ते आम्हालाच आधी कळतं.

चाकगती
रातराणी, एकाच कुत्र्यासमोर माझं म्हणणं कायम आहे. रात्रीच्या घोळक्यासमोर तुम्ही काय करावं हे मी तुम्हाला इथे बसून सांगणार नाही. पण मला एक सुचतं. जिथे कुत्री धावतात ती नेमकी जागा, वेळ, किती कुत्री आणि पुढे होणारं कोणतं, हे प्रत्येक सायकलवाल्याने लिहून ठेवावं. 'इथे कुत्र्यांचा फार त्रास आहे' अशी तक्रार कुणीही बाजूला सारतं. जागा, वेळ, रंग, खुणा लिहून दहाजणांनी दिलेली तक्रार बाजूला सारणं कठीण जातं. तीच नोंद ताईंसारख्यांच्या हातात गेली तर खाण्याची जागाही तिथून हलवता येईल.

रातराणी
लिहून ठेवते. मला जागा दोनच आहेत, पुलाचा उतार संपतो तिथे आणि कचऱ्याच्या मोठ्या पेट्यांपाशी. पुढे होणारं एक तांबूस आहे, कान फाटलेलं. तोवर मी वेगानेच जाणार.

खंड्याची ताई
कचऱ्याच्या पेट्यांपाशी कुणी मुद्दाम खायला घालतं, की ते पेट्यांतलंच ओढून काढतात? घालत असेल तर त्या माणसाशी बोलता येतं. पेट्या उघड्या राहत असतील तर ते काम वेगळं, आणि त्याला झाकण हाच उपाय. तुम्ही साधारण किती वाजता तिथून जाता?