हॅलेलुया नाताळचं नाही ओ
कुणीतरी लिहिलंय की हँडल या संगीतकाराचा 'मसाया', म्हंजे येशूवरची ती मोठी गायन-रचना, खास नाताळचंच संगीत, तर जरा थांबा. पहिला प्रयोग डब्लिनला झाला १३ एप्रिल १७४२ ला, म्हंजे ईस्टरच्या सुमारास, अन् त्यातलं ते सगळ्यांना पाठ असलेलं हॅलेलुयाचं समूहगान येतं दुसऱ्या भागाच्या शेवटी, येशूच्या जन्माचं सगळं पहिल्याच भागात उरकलेलं असतं. आमच्या जालन्याकडं नाताळला पेटी, तबला, झांजा अन् रेव्हरंड ना. वा. टिळकांची मराठी ख्रिस्ती भजनं, सगळे एकाच सुरात, मला तर तेच गोड लागतं. मागच्या वर्षी पोरांनी ती चार आवाजांत, म्हंजे उंच ते खर्ज अशा वेगवेगळ्या सुरांत, बसवायचा प्रयत्न केला, पण खर्जाला दोघंच, तेबी लाजत लाजत, शेवटी पेटीवाल्यानंच त्यांना ओढून नेलं.