लढाई नसताना गेलेला वैमानिक: 'धारातीर्थी', 'कामी आला' की 'बेपत्ता'?

प्रश्न: नमस्कार. अरुणाचलच्या डोंगरात सापडलेल्या दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांवर टिपण लिहिते आहे. २५ जानेवारी १९४४ला 'हॉट ॲज हेल' हे अमेरिकेचं बी-२४ बॉम्बफेकी विमान चीनमधल्या कुनमिंगहून आसामातल्या छबुआकडे निघालं. वैमानिक विल्यम स्वॉन्सन, एकूण माणसं आठ. फेरी रसदीची होती, हल्ल्याची नव्हे. हवा वाईट होती. विमान पोहोचलंच नाही. 'स्वॉन्सन धारातीर्थी पडले' असं लिहू का?

उत्तर: ताई, 'धारातीर्थी' नको. ही धारा पाण्याची नाही, शस्त्राची. रणात शस्त्राच्या धारेवर आलेलं मरण तीर्थावर आल्यासारखं, असा तो भाव. इथे समोर होता हिमालय आणि ढग. 'वीरगती'लाही रण लागतंच.

मी 'कामी आले' लिहीन. जुन्या लेखनात 'अमुक सरदार कामास आले' असं येतं ते लढाईत पडलेल्यांबद्दल, हे मान्य. पण शब्दाचा भार कामावर आहे, तलवारीवर नाही. आणि काम काय होतं ते पाहा. स्वॉन्सन यांच्या ३०८व्या बॉम्बर तुकडीला चीनमधून हल्ले करायचे तर पेट्रोल आणि बॉम्बही भारतातून हिमालयापलीकडे स्वतःच वाहून न्यावे लागत. त्या खेपा झाल्या नाहीत तर विमानं जमिनीवरच. अशा माणसाबद्दल नुसतं 'अपघातात ठार' वाचलं की जिवाला लागतं.

प्रश्न: पटलं, दादा. मग 'बेपत्ता' कुठे वापरू?

उत्तर: 'बे' फारसी, म्हणजे विना. ज्याचा पत्ता लागत नाही तो बेपत्ता. त्यात मरण सांगितलेलं नसतं आणि घरच्यांना छळतं ते हेच. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ गेले हे पार्वतीबाईंनी शेवटपर्यंत मानलं नाही, वैधव्य स्वीकारलं नाही. पुढे तर भाऊसाहेबांचा तोतयाही उभा राहिला.

विमानाचे अवशेष २००६मध्ये सापडले, तेव्हा 'विमान ६२ वर्षं बेपत्ता होतं' हे बरोबर. माणसांचं मात्र वेगळं लिहा. बॉम्ब टाकण्याचं काम असलेले रॉबर्ट ऑक्सफर्ड यांच्या अस्थींची ओळख पटली आणि २०१७मध्ये त्यांना जॉर्जियात मूठमाती मिळाली. 'विमान सापडलं' या एका वाक्यात आठही माणसं सापडल्याचं धरू नका.