मदत हवी आहे : वाड्यातल्या कमी उजेडात मोबाईलने छायाचित्रे काढण्यासाठी कोणते ॲप वापरावे आणि कसे?

नमस्कार.

जुन्या नाशकात, गोदाघाटापासून चालत दहा मिनिटांवर आमचा चार पिढ्यांचा वाडा आहे आणि दिवाळीनंतर तो उतरवायचे ठरले आहे. निर्णय सर्व भावंडांनी मिळून घेतला असल्याने त्याबद्दल तक्रार नाही. मात्र त्याआधी माजघर, देवघर, तक्तपोशी आणि चौकातले कोरीव खांब यांची छायाचित्रे अशी काढून ठेवायची आहेत, की पुढच्या मुलांना लाकडावरचे काम नीट पाहता यावे. माझ्याजवळ चार वर्षांपूर्वीचा अँड्रॉइड फोन आणि साधा ट्रायपॉड आहे.

अडचण उजेडाची आहे. दुपारी चौकात लख्ख ऊन पडते आणि लगतच्या माजघरात दिवा लावल्याशिवाय दिसत नाही. फोनच्या मूळ कॅमेऱ्याने एक तर चौक पांढराफटक येतो, नाही तर माजघर काळे होते. एचडीआर (उजळ आणि गडद भाग एकाच चित्रात जुळवणारी सोय) चालू केल्यावर दोन्ही दिसतात, परंतु सागाच्या शिरा पुसल्या जाऊन खांब मेणाचा असावा तसा गुळगुळीत दिसतो. म्हणून ओपन कॅमेरा हे ॲप घेतले, आयएसओ (उजेडाला दिलेली संवेदनशीलता) १०० आणि शटर (उजेड आत घेण्याचा वेळ) अर्धा सेकंद ठेवून डीएनजी, म्हणजे फोनने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या स्वरूपात चित्रे काढली व ती स्नॅपसीड या चित्र सुधारण्याच्या ॲपमध्ये उजळली. शिरा आता दिसू लागल्या आहेत. पण बल्बचा पिवळा आणि चौकातला निळसर उजेड एकाच चित्रात येत असल्यामुळे कोणताही व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीची रंगांची जुळणी) पुरता जुळत नाही.

दुसरा प्रश्न मला अधिक जवळचा आहे. १९६९ च्या पुराचे पाणी चौकातल्या एका खांबावर जेथवर चढले, तेथे आजोबांनी खिळ्याने रेघ ओढून साल कोरले होते. नंतर रंगाचे दोन हात बसले. रेघ आजही बोटाला लागते, पण छायाचित्रात उमटत नाही, आणि फ्लॅश लावला तर पूर्णच नाहीशी होते. ती टिपता आली नाही, तर बाकीची चित्रे मला अपुरी वाटतील. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

फ्लॅश समोरून पडतो, त्यामुळे खोलगट जागेत सावली उरत नाही, आणि कोरलेली रेघ दिसते ती सावलीमुळेच. फ्लॅश बंद ठेवून फोन ट्रायपॉडवर लावा आणि घरच्या कोणाला तरी विजेरी खांबाला जवळजवळ टेकवून बाजूने धरायला सांगा. विजेरी हळूहळू फिरवत चार-पाच चित्रे घ्या. कोणत्या कोनात अक्षरे उठतील हे आधी सांगता येत नाही. बटण दाबताना फोन हलतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर ठेवावा.

व्हाइट बॅलन्सचा प्रश्न ॲपने सुटणार नाही, कारण तेथे दोन रंगांचे उजेड एकत्र आले आहेत. बल्ब बंद करून केवळ चौकाच्या उजेडावर काम करा आणि शटर दोन-तीन सेकंदांपर्यंत वाढवा. वाड्यात काही हलत नसल्याने ते चालते. बहुतेक मोबाईलच्या भिंगाचे छिद्र लहानमोठे करता येत नाही, त्यामुळे तुमच्या हाती शटर आणि आयएसओ हे दोनच उपाय आहेत, आणि ट्रायपॉड असताना आयएसओ वाढवण्याचे कारण नाही. ऊन चौकात उतरण्यापूर्वी, सकाळी लवकर काढलीत तर उजेडातली तफावत बरीच कमी वाटेल. रुंद कोनाचे भिंग मोहात पाडते, परंतु बहुतेक फोनमध्ये त्यामागचा उजेड टिपणारा सेन्सर लहान असतो, त्यामुळे कमी उजेडात बारकावे कमी येतात. मुख्य भिंगच वापरा आणि मागे सरका.

चित्रे नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाही तर ती दाबली जाऊन बारकावे जातील.

धागाकर्त्याचे उत्तर :

मनःपूर्वक आभार. आज सकाळी सात वाजता आईने विजेरी धरली. सहाव्या चित्रात रेघ आणि ‘६९’ हे आकडे स्पष्ट आले आहेत. आता देवघर उरले आहे. तेथे चौकाचा उजेड मुळीच पोहोचत नाही, आणि समईच्या उजेडातच त्याचे चित्र घ्यावे अशी आईची इच्छा आहे. ज्योत पांढरी न होता मागचा कोनाडाही दिसावा, यासाठी ओपन कॅमेऱ्यात वेगवेगळ्या शटरची तीन चित्रे घेऊन जोडावीत, की एकाच डीएनजीतून सावल्या उजळाव्यात?