मदत हवी आहे: कपाटात ठेवलेला प्लग गेज आपोआप वाढतो का? हार्डनिंगचा काही संबंध आहे का?

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, दोन सीएनसी, एक जुनी लेथ, एक ग्राइंडर. वडिलांनी सुरू केलं, आता भाऊ आणि मी बघतो. गेल्या आठवड्यात जे झालं त्यानं झोप उडालीय, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचा बुशचा एक जॉब आहे, बोअर (आतलं भोक) २५ एच७, म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिमी. त्याचा प्लग गेज, म्हणजे भोक तपासायचा दांडा, ज्याची गो बाजू आत जायला हवी आणि नोगो जाता कामा नये, आम्ही जानेवारीत ओएचएनएस टूल स्टीलमध्ये घरीच बनवला. टर्निंग आमच्याकडे, हार्डनिंग बाहेरून करून आणलं, मग ग्राइंडिंग आणि लॅपिंग (बारीक घासून शेवटचं माप आणणं) भावानं स्वतः बसून केलं. त्या दिवशी स्लिप गेजशी (नेमक्या मापाचे स्टीलचे ठोकळे) ताडून बघितलं तेव्हा गो २५.००२ आणि नोगो २५.०२१, वहीत तारखेसकट लिहिलेलं आहे.

आता गिऱ्हाइकाकडून अख्खा लॉट परत आला. बोअर मोठा. त्यांच्या एअर गेजवर (हवेच्या दाबानं भोक मोजणारं) कितीतरी पीस २५.०२४, २५.०२५ दाखवतायत आणि आमच्या गेजवर तेच पीस ओके! मी पेटीतले दहा पीस काढून एकेकात नोगो घालून बघितला, एकातही जाईना. मग भावाला म्हटलं, आता गेजच मोज. गो २५.००८, नोगो २५.०२७. दोन्ही बाजू सहा-सहा मायक्रॉननं वाढलेल्या. गेज झिजतो हे लहानपणापासून ऐकतोय, वाढलेला गेज पहिल्यांदा बघितला. आणि ऑपरेटरचीही चूक म्हणता येत नाही, गो आत जाईना म्हणून तो बिचारा मशिनमधला ऑफसेट बदलून भोक वाढवत गेला आणि वरून नोगो त्याला अडवेना.

हे हार्डनिंगमुळे होतं का? आणि दुसरं, आमची एक बिडाची फिक्स्चर प्लेट आहे, मशिनिंग करून सपाट केली की दोनेक महिन्यांत परत तीन-चार शतांश मिमीनं वाकते. ॲल्युमिनियमच्या फिक्स्चरचंही तसंच. सगळ्यांचा रोग एकच का? प्लीज कुणीतरी नीट समजावून सांगा.

टूलरूमकाका: आधी एक सांगा, मोजताना टेम्परेचर किती होतं? माप २० डिग्रीला धरतात. उन्हाळ्यात शेडमध्ये ३८ डिग्री असेल तर २५ मिमीचं स्टील पाच मायक्रॉननं फुगतं, ॲल्युमिनियम त्याच्या दुप्पट. हातात घट्ट धरून मोजलंत तरी फरक पडतो. आणि हार्डनिंगवाल्याला विचारा, टेम्परिंग (कडक केल्यावर परत हलकं तापवणं) किती डिग्रीला, किती वेळ, किती वेळा? सब-झिरो केलं होतं का?

मी: काका, गेज आणि स्लिप गेज दोन्ही रात्रभर एकाच सरफेस प्लेटवर ठेवून सकाळी हातमोजे घालून मोजलं, दोन्ही स्टीलच आहेत म्हणजे टेम्परेचरचा फरक राहायला नको ना? हार्डनिंगवाल्याला फोन केला. ८०० डिग्रीवरून तेलात, मग १५० ला एकदाच एक तास. हार्डनेस रॉकवेल ६३ आलेला. सब-झिरो म्हणजे काय हे मला खरंच माहीत नाही.

टूलरूमकाका: मग मोजण्यात चूक नाही, आणि जे झालंय त्याला नाव आहे: रिटेन्ड ऑस्टेनाइट. लाल स्टीलला पाणी देतो, म्हणजे तेलात बुडवतो (क्वेंच), तेव्हा आतला ऑस्टेनाइट (तापलेल्या स्टीलची रचना) मार्टेन्साइट (कडक रचना) होतो आणि म्हणून ते कडक होतं. पण कार्बन एक टक्क्याच्या आसपास असला, आणि ओएचएनएस, ईएन ३१ ह्यांच्यात तो असतोच, तर हे रूपांतर खोलीच्या टेम्परेचरला येऊनही पूर्ण होत नाही. थोडा ऑस्टेनाइट तसाच अडकून राहतो. पुढं महिनोन् महिने तो गुपचूप मार्टेन्साइट होत राहतो आणि मार्टेन्साइटला जागा जास्त लागते, घनफळात साधारण चार टक्के. तुमचाच हिशोब करून बघा. २५ मध्ये सहा मायक्रॉन म्हणजे लांबीत ०.०२४ टक्के, घनफळात तिप्पट धरा, ०.०७ च्या आसपास. भागिले चार टक्के. म्हणजे जेमतेम दोन टक्के ऑस्टेनाइट बदलला आणि तुमचा लॉट परत आला.

उलट्या बाजूचंही एक आहे. कमी टेम्पर केलेला मार्टेन्साइट हळूहळू कार्बन सोडतो आणि आकसतो. त्यामुळं एखादा गेज वाढतो, एखादा आकसतो, दोन्ही कपाटात बसल्या जागी. ओएचएनएसच्या नावात नॉन-श्रिंकिंग आहे त्यावर लोक फसतात. ते पाणी देताना कमी हलतं एवढाच त्याचा अर्थ, नंतर वर्षभर हलणार नाही असा नाही.

उपाय: क्वेंच झाल्यावर ताबडतोब, त्याच दिवशी, उणे ७०-८० पर्यंत थंड करायचं, हेच सब-झिरो. ड्राय आइस उणे ७८ ला असतो, स्पिरिटमध्ये टाकून चालतो, पण हवेशीर जागेत आणि आगीपासून लांब. अडकलेला बराचसा ऑस्टेनाइट तिथंच मार्टेन्साइट होऊन मोकळा होतो. मग लगेच टेम्पर, १५०-१८० ला, आणि तास-दीड तास नाही, चांगले चार-पाच तास. चांगले गेजवाले थंड-गरम, थंड-गरम असं दोन-तीनदा करतात. कोपरे धारदार असतील तर थंड करताना तडा जाऊ शकतो, म्हणून काही जण आधी उकळत्या पाण्यात तासभर ठेवून घेतात. उशीर मात्र करू नका, दोन-चार दिवस तसंच पडून राहिलं की ऑस्टेनाइट मुरतो, मग थंडीलाही दाद देत नाही.

सांगलीकर_फौंड्री: बिडाच्या प्लेटचा रोग वेगळा आहे दादा, तिथं रूपांतर वगैरे नाही, ताण आहे. कास्टिंग थंड होताना पातळ भाग आधी गार होतो, जाड नंतर, दोघं एकमेकांना ओढत बसतात. तुम्ही वरची साल काढली की तोल गेला, प्लेट वाकली. जुने लोक मशिनच्या बेडची कास्टिंगं वर्ष-वर्ष उन्हापावसात टाकून ठेवायचे ते ह्याचसाठी. आता ते कोण करतं! रफ मशिनिंग करा, दोन मिमी ठेवा, मग ५५० डिग्रीच्या आसपास तापवून स्ट्रेस रिलीव्ह करा, म्हणजे आतला ताण काढा, जाडीच्या दर २५ मिमीला एक तास. चढवताना सावकाश आणि उतरवताना त्याहून सावकाश, भट्टीतच २०० च्या खाली येऊ द्या. घाईनं दार उघडलं की जो ताण काढला तोच परत भरला. आमच्याकडं एकानं संध्याकाळी घरी जायची घाई म्हणून ४०० ला दार उघडलं होतं, सकाळी प्लेट डायलखाली धरली तर आधीपेक्षा जास्त वाकलेली.

भोसरीवाली: ॲल्युमिनियमला हा ५५० चा नियम चुकूनही लावू नका हं! ६०६१ टी६ (ॲल्युमिनियमची एक जात) असेल तर त्याची ताकद १६०-१७५ डिग्रीला एजिंग करून, म्हणजे बराच वेळ तापवून ठेवून आलेली असते, तुम्ही २५० ला तासभर जरी ठेवलं तरी ती जाते, प्लेट मऊ पडते. आणि ताण येतो तो पाण्यात क्वेंच केल्यामुळं. सोपा मार्ग म्हणजे विकत घेतानाच टी६५१ प्लेट मागायची, ती मिलमध्येच थोडी ताणून आलेली असते, त्यामुळं आतला ताण बराच निघालेला असतो. मी फिक्स्चरला दुसरी वापरतच नाही. मशिनिंग करताना दोन्ही बाजूंनी आळीपाळीनं सारखं काढायचं, एका बाजूनं सगळं नाही. आणि कधी ३०४ स्टेनलेस आलं तर त्यालाही बिडासारखं करू नका, ५०० ते ८०० मध्ये रेंगाळलं की क्रोमियम कार्बाइड होऊन आतल्या कणांच्या कडेनं गंज धरतो.

मी: काका, सांगलीकर दादा, ताई, मनापासून आभार. तुमचं लिहिलेलं वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, बिडाचा तुकडा आम्हीही मागच्या चिंचेखाली टाकायचो, कारण कुणी सांगितलं नव्हतं. हार्डनिंगवाल्याशी बोललो, तो सब-झिरो करत नाही पण क्वेंच झाल्या झाल्या माल आमच्या हातात द्यायला तयार आहे, ड्राय आइस आम्ही थर्मोकोलच्या पेटीतून घेऊन जाणार. एकच शेवटचं विचारतो, हा जुना गेज भंगारात टाकू का? भावानं दोन दिवस लॅपिंग केलंय त्यावर, जीव होत नाही.

टूलरूमकाका: भंगारात कशाला? वाढलाय म्हणजे अंगावर सहा मायक्रॉन जादा माल आहे, कमी नाही. आता सब-झिरो करून फार हाती लागणार नाही, पण १८० ला पाच-सहा तास परत टेम्पर करा, हार्डनेस दोनेक पॉइंट उतरेल तो उतरू दे. आठवडाभर थांबून मोजा, मग भावाला सांगा परत लॅप करून साइजला आण. त्यानंतर दर महिन्याच्या एक तारखेला मोजून त्याच वहीत लिहा. वाढ थांबली का ते आकडे सांगतील, तोपर्यंत फायनल इन्स्पेक्शनला हा गेज वापरू नका. आणि सहा महिन्यांनी इथं येऊन आकडे टाका, मलाही बघायचेत.