पस्तीस वर्षं जुनी स्पोर्ट्स कार्डं, तरी भाव का नाही?

नाईटवॉचमन

मंडळी, मामा अमेरिकेतला मुक्काम आवरून परत आला आणि "तुला खेळांचं वेड आहे, तूच सांभाळ" म्हणत बुटांचा एक खोका माझ्या गळ्यात मारला. आत बेसबॉल आणि बास्केटबॉलची कार्डं ठासून भरलीत, बहुतेक 1987 ते 1992 मधली. नावं ओळखीची वाटली ती बाजूला काढली (खेळाडू, कार्ड छापणारी कंपनी, वर्ष या क्रमाने) :

केन ग्रिफी ज्युनिअर, अपर डेक 1989, कार्ड क्र. 1.
मायकेल जॉर्डन, अपर डेक 1991, मागे एसपी1 लिहिलंय. यात तो चक्क बेसबॉलची बॅट फिरवतोय!
मायकेल जॉर्डन, फ्लीर 1986, क्र. 57. हे मामाने नंतर कुठल्याशा प्रदर्शनात एका विक्रेत्याकडून सुटं घेतलेलं.

नेटवर शोधलं तर डोकं गरगरलं. तेच ग्रिफीचं कार्ड कुणी किरकोळ पैशांत देतोय, कुणी हजारो डॉलर मागतोय. पस्तीस वर्षांची वस्तू, नावं एवढी मोठी, मग बाकीच्या शेकडो कार्डांना कुणी विचारत का नाही? सगळी ग्रेडिंगला, म्हणजे अवस्था तपासून दहापैकी गुण देणाऱ्या कंपनीकडे, पाठवावीत का? आणि ते 86 चं जॉर्डन खरं आहे की नाही, हे घरबसल्या कळेल का? जाणकारांनी सांगावं.

---

गुगली_गंगू

विकणारा काय मागतोय ते बघूच नका, तो चंद्रही मागेल. ईबेवर 'सोल्ड' हा फिल्टर लावा आणि प्रत्यक्षात काय भावाने गेलं ते बघा. तेही तुमच्या प्रतीसारखंच हवं. प्लास्टिकच्या सीलबंद डबीतलं दहा ग्रेडचं कार्ड आणि खोक्यातलं सुटं कार्ड यांची तुलना केलीत तर फसाल. तुम्ही बघितलेल्या दोन किमतींतला फरक बहुतेक तोच आहे.

बाकी सविस्तर शाईचा डाग सांगतीलच. भिंग घेऊन बसलेले असतात.

---

शाईचा_डाग

बसलोच आहे.

माझं आयुष्य ऑफसेट छपाईत गेलं. या कार्डांकडे वळलो तो छपाईपायी. बेसबॉल मला आजही धड कळत नाही. त्यामुळे खेळाडूच्या थोरवीवर इतरांनी बोलावं, मी कागदावर बोलतो.

आधी वयाचं मिटवू. कागद जुना झाला म्हणून महाग होत नाही, त्याची भावंडं रद्दीत गेली म्हणून होतो. टॉप्स कंपनीच्या 1952 च्या बेसबॉल संचातली शेवटची मालिका (क्र. 311 ते 407) हंगाम सरत आल्यावर दुकानांत पोचली. माल पडून राहिला. 1960 मध्ये कंपनीच्या साय बर्जरने गोदाम मोकळं करायला उरलेली खोकी बार्जवर लादली आणि अटलांटिकमध्ये बुडवली. बेसबॉलपटू मिकी मॅन्टलचं 311 नंबरचं कार्ड याच मालिकेतलं. त्याची एक प्रत 2022 मध्ये लिलावात 1 कोटी 26 लाख डॉलरला गेली. आणि हे मॅन्टलचं पहिलं कार्डही नव्हे, ते 1951 चं, बोमन कंपनीचं. पहिल्या कार्डालाच, म्हणजे रुकी कार्डालाच सगळ्यात जास्त भाव, असं जे सर्रास सांगतात ते इथे लागू पडत नाही.

मामांच्या खोक्यातला काळ याच्या बरोब्बर उलटा. 1980 च्या दशकात जुन्या कार्डांचे भाव लोकांच्या कानावर आले आणि जो तो म्हणायला लागला, आता एकही फेकायचं नाही. कंपन्यांनी यंत्रं दिवसरात्र चालवली, लोकांनी पेट्याच्या पेट्या माळ्यावर टाकल्या. सगळ्यांनी सगळंच जपलं, मग टंचाई येणार कुठून? 'जंक वॅक्स' म्हणतात तो हाच काळ. तुमची शेकडो कार्डं त्यात बसतात. वाईट वाटून घेऊ नका, बघायला छान असतात.

ग्रिफीचं कार्ड मात्र बघण्यासारखं. अपर डेकचं ते पहिलंच वर्ष. पांढरा जाड कागद, मागे होलोग्राम, फॉइलचं पाकीट. बाकीच्यांच्या करड्या पुठ्ठ्यापुढे हा माल राजेशाही वाटला असणार. फोटो तो खालच्या लीगमध्ये खेळत असतानाचा आहे, टोपी रंगवून मरिनर्स संघाची केली. रीटचिंग करणाऱ्याला माझा सलाम. पण छापलं अमाप. पीएसए या ग्रेडिंग कंपनीने पूर्ण दहा दिलेल्या प्रतीच चार हजारांच्या वर आहेत.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट. कार्डं एकेकटी छापत नाहीत, मोठ्या शीटवर छापून मग कापतात. ग्रिफी क्रमांक 1, म्हणजे शीटच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात. कोपऱ्यातला माल हाताळताना आधी मार खातो आणि कापताना शीट जरा सरकलं की त्याचीच चौकट वाकडी होते. पाकिटातून काढून थेट कव्हरमध्ये घातलेल्या कार्डालाही म्हणूनच दहा मिळेल याची खात्री नसते.

ग्रेड देणारे चार गोष्टी बघतात : कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि सेंटरिंग, म्हणजे चित्र कार्डाच्या किती मधोमध बसलंय ते. पहिल्या तिन्हींत हाताळणाऱ्याचा दोष असू शकतो, सेंटरिंग मात्र पूर्णपणे कटरवाल्याच्या हातात. दहा हवे असतील तर समोरची चौकट साधारण 55/45 च्या आत लागते. डावीकडचा आणि उजवीकडचा पांढरा पट्टा पट्टीने मोजा, बेरजेने भागा, झालं. मागच्या बाजूला 75/25 पर्यंत चालवून घेतात.

आणि ग्रेडला सगळीकडे सारखंच वजन असतं असं समजू नका. 1909 ते 1911 दरम्यान सिगारेटच्या पाकिटांतून आलेल्या टी206 संचातलं बेसबॉलपटू होनस वॅगनरचं कार्ड घ्या. साठच्या आसपास प्रती माहीत आहेत. 2021 मध्ये त्यातली एक 66 लाख डॉलरला विकली गेली आणि तिला ग्रेड होता तीन! दहापैकी तीन! मुळात प्रतीच नाहीत तिथे सुरकुत्या कोण मोजतो? जिथे प्रती ढिगाने आहेत तिथेच नऊ आणि दहामधल्या केसभर फरकासाठी लोक मारामारी करतात. तुमचा खोका दुसऱ्या प्रकारातला. म्हणून सगळी पाठवू नका. फी, टपाल, विमा धरून हिशेब करा, आणि नऊ मिळाले तरी खर्च निघत असेल तरच पाठवा. दहा मिळतीलच असं धरून पाठवणारा लॉटरीच खेळत असतो.

86 च्या फ्लीरबद्दल : या कार्डाच्या नकला सुळसुळाटाने आहेत आणि सुटं घेतलंय म्हणता, तेव्हा आधी संशयच घ्या. किमान दहापट भिंग आणा. रंगीत फोटो ठिपक्यांचाच दिसेल, त्यात काही गैर नाही. अक्षरं आणि सरळ रेषा बघा. मूळ छपाईत त्या स्वतंत्र, भरीव शाईच्या असतात, कडा स्वच्छ. नकला करणारा अख्खं कार्ड स्कॅन करतो आणि परत छापतो, मग अक्षरांचेही ठिपके होतात, कडा भुरकट दिसतात. मागच्या आकडेवारीतला बारकातला बारका आकडा पकडा. सोबत त्याच वर्षाचं, त्याच संचाचं एखादं स्वस्तातलं कार्ड ठेवून ताडून बघा. जॉर्डनची नक्कल सगळे करतात, राखीव खेळाडूची कुणी करत नाही.

मापही घ्या. अडीच बाय साडेतीन इंच. कमी भरलं तर कुणीतरी कोपरे नीट दिसावेत म्हणून कडा छाटलीय. हे बड्या कार्डांतही झालंय. वॅगनरची सगळ्यात गाजलेली प्रत, जी कधीकाळी हॉकीपटू वेन ग्रेट्झकीकडे होती आणि जिला पीएसएने आठ दिले होते, ती आपण छाटली होती अशी कबुली बिल मॅस्ट्रो या लिलाववाल्याने 2013 मध्ये दिली.

---

ऑफसाईड_आजोबा

शाईच्या डागाशी बहुतांश सहमत, पण त्यांच्या हिशेबात माणूसच नाही. कार्डाचा भाव मागणीवरही हलतो, आणि मागणी लहरी. 86 चं तेच फ्लीर जॉर्डन, पीएसए दहा. त्या ग्रेडच्या तीनशेहून जास्त प्रती आहेत, म्हणजे दुर्मीळ नव्हेच. 2020 मध्ये जॉर्डनवर माहितीपटांची मालिका आली, लोक घरात कोंडलेले, हातात वेळ. जानेवारी 2021 मध्ये त्याच्या दोन प्रती प्रत्येकी 7 लाख 38 हजार डॉलरला गेल्या. काही महिन्यांत भाव निम्म्याच्याही खाली. कागद तोच, शाई तीच, ग्रेडही तोच.

नव्या खेळाडूंचं तर विचारू नका. पोरगा एका हंगामात चमकला की कार्ड वर, गुडघा दुखावला की खाली. खेळातून निवृत्त झालेल्यांचं बरं असतं, त्यांची कारकीर्द आता कुणी बिघडवू शकत नाही.

आणि हल्ली दुर्मीळपण कंपनीच ठरवते. कार्डावर 25 पैकी 7 असा नंबर छापायचा, किंवा एकच प्रत काढायची. ऑगस्ट 2025 मध्ये जॉर्डन आणि कोबी ब्रायंट यांच्या जर्सीवरचे लोगो लावलेलं, दोघांच्या सह्यांचं एकुलतं एक कार्ड 1 कोटी 29 लाख डॉलरच्या वर गेलं आणि मॅन्टल मागे पडला. ते 2007-08 चं आहे. जुनं कसलं?

---

शाईचा_डाग

माणसाचा मुद्दा मान्य. नंबर छापलेल्या कार्डांचं मात्र मला कधी कौतुक वाटलं नाही. तोच फोटो, किनार निळी केली की 99 प्रती, सोनेरी केली की 10, लाल केली की 5. प्लेट बदलायचेही कष्ट नाहीत. अपघाताने उरलेली दहा कार्डं आणि ठरवून छापलेली दहा कार्डं बाजाराला सारखी वाटत असतील, मला नाही वाटत. जर्सीचे तुकडे लावलेली घेताना मागची बारीक ओळ वाचा. कित्येकांवर लिहिलेलं असतं की हे कापड कुठल्याही विशिष्ट सामन्यातलं नाही. मग ते कुठलं, ते तुम्हीच समजा.

अपघाताचा एक सुंदर नमुना सांगतो. ग्रेट्झकीचं 1979 चं ओ-पी-ची कार्ड. कॅनडातल्या या कंपनीत शीट तारेने कापत, म्हणून कडा खरबरीत, तंतू निघालेल्या. त्या संचात एखाद्या कार्डाच्या चारही कडा आरशासारख्या गुळगुळीत दिसल्या तर मी आनंदायच्या आधी पट्टी काढतो.

---

नाईटवॉचमन

भिंग आणलं. फ्लीरच्या मागच्या आकड्यांवर धरलं आणि ठिपके, ठिपके आणि ठिपके. 1987 च्या एका फ्लीर कार्डाशी ताडून पाहिलं, त्यातली अक्षरं कशी सलग, भरीव. मापाने मात्र बरोबर भरलं. मामाला सांगितलं तर म्हणाला, "तरीच तो माणूस एवढा गोड बोलत होता."

ग्रिफीचं डावं-उजवं 60/40 आलं, एक कोपरा पांढरा पडलाय. पाठवत नाही. बॅटवाल्या जॉर्डनचं काय? आणि तळाशी 1990 च्या अपर डेकची न फोडलेली दोन पाकिटं सापडलीत, त्यांचं काय करू?

---

गुगली_गंगू

फोडा! व्हिडिओ टाका!

---

शाईचा_डाग

माप बरोबर भरणारच, नकलाही त्याच मापाच्या कापतात. नक्कल वेगळ्या पाकिटात ठेवा आणि पाकिटावर तसं लिहा, नाहीतर वीस वर्षांनी तुमचा भाचा हाच प्रश्न विचारेल.

एसपी1 मजेशीर कार्ड आहे. तेव्हा जॉर्डन बास्केटबॉलच खेळत होता, शिकागो व्हाइट सॉक्सच्या सरावात बॅट फिरवताना टिपलाय. बेसबॉलमध्ये तो खरोखर उतरला 1994 मध्ये. मूळ संचाबाहेरचं, पाकिटात अधूनमधून घातलेलं कार्ड, पण पाकिटंच एवढी निघाली की फार दुर्मीळ राहिलं नाही. ठेवून द्या. आधी पेनी स्लीव्ह म्हणजे मऊ पातळ प्लास्टिकचं पाकीट, मग टॉपलोडर म्हणजे कडक प्लास्टिकचं कव्हर. जुन्या पीव्हीसीच्या पारदर्शक पानांत नको, ती चिकटतात आणि पृष्ठभाग खातात. रबरबँड तर अजिबातच नको. आणि पुसायचं नाही, फुंकर पुरे.

पाकिटांबद्दल : 1990 च्या अपर डेकमध्ये बेसबॉलपटू रेजी जॅक्सनने स्वतः सही करून नंबर घातलेली 2500 कार्डं टाकली होती, पाकिटातून सही निघायची सुरुवात साधारण तिथून धरतात. पण ती फक्त वर्षाच्या उत्तरार्धात आलेल्या, 700 च्या पुढच्या क्रमांकांच्या मालिकेत. तेव्हा आधी मामांना विचारा, पाकिटं वर्षाच्या सुरुवातीची की शेवटची. आठवत नसेल तर दोन्ही टोकांच्या फॉइलच्या शिवणी बघा. दाब सगळीकडे एकसारखा आहे की कुठे परत चिकटवल्याची खूण आहे. शिवण शाबूत असेल तर गंगूंचं ऐकायला हरकत नाही. दोन पाकिटांत सही निघण्याची शक्यता जवळपास शून्य, आणि न फोडता ठेवून हाती येणारे पैसेही जवळपास तेवढेच.