बाळंतपणानंतर उठून चालायला लागलात, ते कशामुळं? अनुभव लिहा

माझा धाकटा आता १४ महिन्यांचा आहे. बाळंतपणाच्या आदल्या दिवशी काटा ७६ वर होता, बारशाला ७० वर आला आणि मग दहा महिने तिथून हललाच नाही. मी बेळगावात टिळकवाडीत राहते, शाळेत शिकवते. माहेर गडहिंग्लजकडचं. आईनं अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं, सगळं मायेनं खाऊ घातलं. आणि ४० दिवस "खा गं, दूध आलं पाहिजे" म्हणणारीच माणसं तीन महिन्यांनी "केवढी सुटलीस" म्हणाली, तेव्हा मी आत जाऊन रडले.

त्या बोलण्यानं मी उठले नाही. टोमण्यानं कुठली बाई उठत असेल असं मला वाटतही नाही. मी उठले ते जिन्यामुळं. घर तिसऱ्या मजल्यावर. एका संध्याकाळी बाळ कडेवर, हातात भाजीची पिशवी, आणि दुसऱ्या मजल्यावर असा दम लागला की पायरीवरच बसले. बाळ माझ्या तोंडाकडे बघत राहिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे नवऱ्याला हलवून उठवलं, "४० मिनिटं याला सांभाळ" म्हटलं, आणि वॅक्सिन डेपोच्या मैदानात चालायला गेले. पहिल्या दिवशी १५ मिनिटांतच परतले. आज ६४ वर आहे.

म्हणून हा धागा. सात दिवसांत पोट कमी, पावडरी, चहा, पट्टे, हे इथं नको. तुम्हाला उठावंसं कशामुळं वाटलं ते लिहा. आणि एक गोष्ट प्रत्येकीनं जरूर सांगा: त्या वेळात बाळ कुणाकडं होतं?

खानापूर तालुक्यातून

आमच्याकडं बायका "मी आलो, मी गेलो" असंच बोलतात, म्हणून तसंच लिहितो. माझं सिझर झालेलं. चार महिन्यांनी मोबाईलवर बघून पोटाचे व्यायाम सुरू केलो. पाठीवर पडून उठायचं, पाय वर करायचे. तर पोट आणखीनच पुढं यायला लागलं. अंथरुणातनं उठताना बेंबीच्या वर मधोमध उंचवटा दिसायचा. घाबरलो. आशाताईनं बघितलं आणि म्हणाली, हे घरात बसून निस्तरायचं नव्हे, बेळगावला सरकारी दवाखान्यात दाखव.

तिथं कळलं की पोटाचे दोन्ही बाजूचे स्नायू मधनं फाकलेत. तीन बोटं आत जात होती. जे व्यायाम मी जिद्दीनं करत होतो तेच आधी बंद करायला लावले. त्याऐवजी श्वास सोडत पोट हळू आत घ्यायचं, गुडघे मोडून झोपून कंबर उचलायची, लघवी थांबवताना आवळतो ते खालचे स्नायू आवळून सोडायचे. शिकवणाऱ्या बाई कन्नड बोलणाऱ्या, सारख्या "निधान, निधान" म्हणायच्या. म्हणजे सावकाश. तो शब्द आता माझ्याच तोंडात बसलाय.

दर आठवड्याला बेळगावला जायचं तर भाडं मागायचं कुणाजवळ? पण २०२३ च्या जूनपासनं कर्नाटकात सरकारी बस बायकांना फुकट झाली. आधार कार्ड दाखवायचं आणि बसायचं. ती बस नसती तर मी दुसऱ्यांदा गेलोच नसतो, हे खरं सांगतो. पाच महिन्यांनी एक बोट राहिलं. वजन चारच किलो उतरलंय, पण कंबर दुखायची थांबली आणि खोकताना लुगडं ओलं व्हायचं ते थांबलं. हे कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहिलो. बाळ आत्तींजवळ असायचं.

निपाणी

मी विड्या वळते. सूप मांडीवर घेतलं की चार-चार तास बूड हलत नाही. बाळंतपणानंतर मांड्या, कंबर भरत गेली, पाय सुजायचे. चालायला जा म्हणणाऱ्यांना कळत नाही की विड्या मोजून मजुरी मिळते, उठलं की पैसे कमी.

शेजारच्या मावशीनं सुचवलं ते मला झेपलं. शंभर विड्या झाल्या की सूप खाली ठेवायचं, परड्यात चार फेऱ्या, हात धुवायचे, बाळाला बघायचं. दिवसाला आठ-नऊ वेळा उठणं होतं. आम्ही गल्लीतल्या पाचजणी एकीचं झालं की सगळ्याच उठतो. आणि तंबाखूच्या हातानं बाळाला घ्यायचं नाही, हा नियमही त्यातूनच लागला. मला व्यायामापेक्षा त्याचंच जास्त समाधान आहे. बाळ? पाचजणींच्यात कुणाकडंही.

शहापूर, बेळगाव

माझं उलट झालं. मी इतकी पेटले होते की बाळ तीन महिन्यांचं असताना रात्रीचं जेवण सोडलं, भात सोडला, दोन वेळा नुसती काकडी. आठ दिवसांत दूध आटलं. बाळ छातीला लागून रडायचं आणि मीही. डॉक्टरांनी समजावलं की दूध पाजणाऱ्या बाईला रोजच्यापेक्षा ५००-६०० कॅलरी जास्तच लागतात. जेवण पुन्हा सुरू केलं. मात्र त्यानंतर केस गळायला लागले, झोप झाली तरी अंग उचलायचं नाही, आणि वजन वाढतच राहिलं. सगळे म्हणाले, आळस आहे. मीही तेच धरून बसले. सहा महिने स्वतःला दोष दिला.

शेवटी रक्त तपासलं, तर थायरॉईड. बाळंतपणानंतर पहिल्या वर्षात कितीतरी जणींना होतो. काहींचा आपोआप बरा होतो, काहींना गोळी लागते. मला लागली. दोन महिन्यांत सकाळी उठून अंगण झाडावंसं वाटायला लागलं, तेव्हा कळलं की मनात काही कमी नव्हतंच. ज्यांना उठवतच नाही त्यांनी आधी ही तपासणी करून घ्या.

चिकोडी तालुका

मी सासू आहे, तरी लिहिते. अंटीन उंडी, म्हणजे डिंकाचे लाडू, मीच करून घातले सुनेला, खोबरं-गूळ घालून, रोज दोन. आमच्या वेळी बाळंतीण दीड महिन्यात उसाच्या फडात जायची, ते अंगात जिरायचं. सून घरात शिवणकाम करते, बसून. तिला तेवढंच खाऊ घालणं ही माझी चूक होती, आणि वर "जाड झाली" असं बायकांत बोलले तीही माझीच. तिनं ते ऐकलं होतं. मला फार वाईट वाटलं. आता पहाटे साडेपाच ते सव्वासहा नात माझ्याकडं. सुनेला सांगितलंय, पाऊस असो, पाहुणे असोत, तुझी वेळ तुझी. लाडू अजून करते, एक देते. जोंधळ्याची भाकरी आणि पालेभाजी दोन्ही वेळा.

अनगोळ

मी बाप. सकाळची पाळी बदलून दुपारची घेतली. सहा ते सात मुलगा माझ्याकडं. बायको किती उतरली ते मी विचारत नाही.

हुक्केरीकडून

मला वजनाचं काहीच वाटत नव्हतं. मला कशाचंच काही वाटत नव्हतं. बाळ रडलं तरी भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. अंगणवाडीत बाळंतिणींना दुपारचं गरम जेवण मिळतं, सहा महिने, अंडंही असतं. ताई डबा घरी द्यायला तयार नव्हती, रोज निरोप पाठवायची, "तू ये, इथं बसून जेव." तेव्हा राग यायचा. पण ती दीड फर्लांगाची वाट हेच माझं पहिलं चालणं. तिथं दुसऱ्या बायका होत्या, एकीनं मला ओळखलं, तिचंही असंच झालं होतं. तिनंच डॉक्टरकडं नेलं, औषध सुरू झालं. आता बाळ कडेवर घेऊन मीच दूधडेअरीपर्यंत जाते. वजन अजून मोजलेलं नाही.

टिळकवाडी, दुसऱ्या गेटजवळून

सगळं वाचलं. माझी पाच महिन्यांची आहे. नवरा पुण्याला, सासू-आई दोघी नाहीत. तुम्ही विचारलंय बाळ कुणाकडं होतं, तिथंच माझं अडतं.

धागा सुरू करणारी

डॉक्टरांनी चालायला हरकत नाही म्हटलंय ना? मग उद्या सहाला वॅक्सिन डेपोच्या फाटकापाशी ये, तिला घेऊनच ये. दुपट्यात गुंडाळ, थंडी असते. एक फेरी तू, तोवर ती माझ्याकडं. मग मी.