एस्टीम: बोअर की नायट्रस?
म्हापशाच्या मित्राने विचारलंय, ताकद वाढवायला मारुती एस्टीमचं १२९८ सीसी इंजिन बोअर करावं (सिलिंडर आतून कापून रुंद करावेत) की नायट्रस (इंजिनाला जादा ऑक्सिजन देणारा नायट्रस ऑक्साइड वायू) बसवावं? आधी हिशेब बघा. ७४ मिमीचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७५ केला तरी स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) ७५.५च राहतो, वाढतात जेमतेम ३५ सीसी. सिलिंडर झिजले असतील तरच बोअर करा. नाहीतर ३५ हॉर्सपॉवरचं वेट किट (नायट्रससोबत जादा पेट्रोलही सोडणारं), एक नंबर थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) स्पार्क प्लग, ठिणगीचं टायमिंग दोन डिग्री मागे. ३००० आरपीएमखाली सोलेनॉइड (नायट्रस सोडणारा विजेचा व्हॉल्व्ह) उघडू नका, इनटेकमध्येच (हवा आत येण्याच्या वाटेत) भडका उडतो.

खरी काळजी नायट्रसच्या बाटलीची. सुमारे ३६ अंशांच्या वर नायट्रस द्रव राहतच नाही. मे महिन्यात गोव्यात मिरामारला उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीत दाब १००० पीएसआयच्या पुढे सहज जातो. मग नायट्रस जास्त, पेट्रोल तेवढंच, मिश्रण लीन (पेट्रोल कमी पडलेलं) आणि पिस्टनला भोक! स्विच दाबण्याआधी गेज बघाच.